हुमणीचा एकरी हिशेब : किती खर्च, आणि कोणत्या महिन्यात

सप्टेंबर संपत आला की वारणाकाठच्या हिरव्यागार फडात मधेच दोन-चार बेटं पिवळी दिसायला लागतात. माणूस जवळ जातो, ऊस धरून ओढतो आणि अख्खं बेट अलगद हातात येतं. मुळ्या जाग्यावर नसतातच. खालची माती उकरली की बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, चंद्रकोरीसारख्या वाकलेल्या अळ्या. मग गाडीला किक, कृषी सेवा केंद्राचा रस्ता आणि चार-साडेचार हजारांचं बिल.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एकरभर खोडव्यात मीही हेच केलं. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण चूक निम्मी माझीच होती. औषधाचे ४,६०० आणि आळवणीची मजुरी १,४००, म्हणजे एकूण सहा हजार मातीत ओतले. पंधरा दिवसांनी उकरून बघितलं तर अळ्या होत्या तशाच, धष्टपुष्ट. औषध खोटं नव्हतं, महिना चुकला होता. हुमणीत औषध किती रुपयांचं आणलं यापेक्षा ते कधी टाकलं यावर खर्च ठरतो, हे सहा हजार घालवून कळलं. तुमचे वाचावेत म्हणून हा हिशेब मांडतोय.

आधी एक खुलासा. खाली दिलेले औषधांचे आणि मजुरीचे दर एका एकराच्या हिशेबासाठी धरलेले आहेत. पुरुषमाणसाची मजुरी ५००, बाईमाणसाची ३५०. गावोगाव आणि दुकानोदुकानी यात फरक पडणार. तुमच्या बिलावरचा आकडा घालून बेरीज पुन्हा करा.

आधी किडीचं वर्षाचं कॅलेंडर

हुमणीची पिढी वर्षात एकच. हा तिचा कमकुवतपणा आहे आणि आपली संधीही. आपल्या भागात मुख्यतः दोन जाती त्रास देतात. माळरानाच्या आणि मध्यम जमिनीत होलोट्रॅकिया. नदीकाठच्या मळीत ल्युकोफोलिस, जी कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांत नदीच्या पट्ट्यात ठाण मांडून आहे. सातवे-बहिरेवाडीकडच्या वरच्या रानात आणि नदीलगतच्या मळीत एकच उपाय सारखा चालत नाही, त्याचं कारण हेच.

होलोट्रॅकियाचे भुंगे वळवाच्या पहिल्या दमदार पावसानंतर, दिवस मावळल्यावर जमिनीतून वर येतात, कडुनिंब-बाभळीवर बसून पाला खातात, तिथंच जुगतात आणि पहाटेआधी पुन्हा जमिनीत शिरतात. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते. दहा-पंधरा दिवसांत अंडी फुटतात. अळीची पहिली अवस्था साधारण महिनाभराची, दुसरी महिना-दीड महिन्याची. तिसरी मात्र चार-पाच महिने चालते, आणि मुळ्यांचा फडशा पाडणारी तीच. हिशेब करा. जूनच्या मध्याला घातलेल्या अंड्यातली अळी ऑगस्टअखेर तिसऱ्या अवस्थेत शिरते. पिवळं बेट आपल्या डोळ्यांना दिसतं ते त्यानंतर. म्हणजे डोळ्यांवर विसंबलो तर आपण दरवर्षी महिनाभर उशिराच पोचणार.

ल्युकोफोलिसचे भुंगे पावसाळा सुरू झाल्यावर निघतात, संध्याकाळी थोडाच वेळ उडतात आणि झाडाचा पाला खायला फारसे जात नाहीत. त्यामुळे मळीच्या रानात कडुनिंब हलवून हाती फार काही लागत नाही. तिथं भर अळीवरच ठेवायचा.

मोजणी : खर्च शून्य, आणि नेमकी हीच कोणी करत नाही

विदर्भ-खानदेशातला कापूस उत्पादक गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावतो. त्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा शंभरात दहा फुलं-बोंडं किडकी निघाली, की फवारणी करायची, नाहीतर नाही, असा नियम तिथं रुजवावा लागला. फवारण्यांवर पैसे आणि माणसं दोन्ही गमावल्यावर तो रुजतोय. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, हे विसरायला नको. आपल्या ऊसवाल्यांना मात्र मोजायची सवयच नाही. ऊस म्हणजे आळशाचं पीक, असं आपणच म्हणतो आणि तसंच वागतो.

हुमणीची मर्यादा सोपी आहे. चौरस मीटरला सरासरी एक अळी सापडली की उपाय सुरू करायचा. आता चौरस मीटर रानात कसा मोजायचा? मी असं करतो. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि फूटभर खोल खड्डा, बेटाच्या बुडाला लागून. असे अकरा खड्डे घेतले की जमीन जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर होते. एकरात बावीस खड्डे घ्यायचे. कडेचे चार, मधले बाकीचे, नागमोडी चालत. सगळ्या अळ्या प्लॅस्टिकच्या मगात टाकायच्या, शेवटी मोजून दोननं भागायचं. मागच्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या बावीस खड्ड्यांत पाच अळ्या निघाल्या. म्हणजे अडीच. मर्यादेच्या वर. त्यातल्या चार पाटाच्या बाजूच्या सात खड्ड्यांतल्या होत्या, जिथं बांधावर दोन कडुनिंब आहेत. सगळ्या एकराला औषध लागणारच नव्हतं. पंधरा गुंठ्यांत काम भागलं.

ही मोजणी जुलै आणि ऑगस्टमध्ये पंधरा-पंधरा दिवसांनी, एकूण चार वेळा. दर वेळी दोन-अडीच तास लागतात. माणूस लावलात तर अर्ध्या दिवसाचे २५० धरा. घरच्यानं केलं तर काही नाही.

उकिरड्यात दिसणाऱ्या जाडजूड अळ्या बघून घाबरू नका. त्यातल्या बऱ्याच गेंड्या भुंग्याच्या असतात आणि कुजलेल्या शेणावर जगतात. तरीही शेणखत पूर्ण कुजवून, चाळून टाका. अर्धकच्चं खत रानात नेणं म्हणजे विकतचं दुखणं.

दुर्लक्षाची किंमतही मांडू. हेक्टरी २५ ते ५० हजार अळ्या असल्या तर १५ ते २० टन घट येते, असं ऊस संशोधनातले जाणकार सांगतात. एकरी सहा ते आठ टन. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात टनाला तीन हजार धरले तरी नुकसान १८ ते २४ हजारांचं. शिवाय मुळं गेलेल्या रानात पुढचा खोडवा धरता येत नाही तो वेगळाच तोटा.

मे-जून : सगळ्यात स्वस्त रुपया

भुंगा मारणं आणि अळी मारणं यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मादी अंडी घालायच्या आत सापडली की पन्नास अळ्या एका फटक्यात गेल्या. पहिला वळीव पडला की त्याच दिवसापासून, संध्याकाळी साडेसात-आठला, बांधावरच्या कडुनिंब, बाभूळ, बोरीखाली जुनं लुगडं किंवा ताडपत्री पसरायची आणि काठीला आकडा बांधून फांद्या गदागदा हलवायच्या. भुंगे पटापट पडतात. ते बादलीतल्या साबणाच्या पाण्यात टाकायचे. पूर्वी रॉकेल वापरायचो, आता ते मिळतंय कुठं? धुण्याची पावडर पाण्यात ढवळली तरी काम होतं. एका झाडावर वीस किंवा जास्त भुंगे दिसले तर त्या शिवारात हुमणी जोर धरणार, असं समजायचं.

दिव्याचा सापळा घरी होतो. एलईडी बल्ब, होल्डर, वीस मीटर वायर, तीन बांबू, मोठं प्लॅस्टिकचं घमेलं : सगळं मिळून ६०० रुपये धरा, आणि तो तीन-चार वर्षं चालतो. तयार सौर सापळा अडीच-तीन हजारांच्या पुढंच जातो. एकट्यादुकट्याला तो परवडत नाही. दिवा संध्याकाळी सात ते नऊ एवढाच लावायचा. रात्रभर ठेवलात तर पिकाचे मित्र असलेले किडेही घमेल्यात जातात.

यात मेख एकच. तुम्ही एकट्यानं भुंगे धरले आणि शेजारच्यानं धरले नाहीत तर उपयोग अर्धा. भुंगा सातबारा बघून बसत नाही. दहा एकरांचे आठ शेतकरी एकत्र आले, दोन पोरांना पंधरा संध्याकाळी तासाभराचे शंभर-शंभर दिले, तर मजुरी ३,००० होते. त्यात दोन सापळे धरले तर एकरी ४२० रुपये. गावानं मनावर घेतलं तर तेही लागत नाहीत. सहकारावर उभ्या राहिलेल्या या खोऱ्यात, तात्यासाहेब कोरे यांचं नाव ज्या माळावरच्या कारखान्याला आहे तिथं, दहा-पंधरा संध्याकाळी एकत्र यायला जमू नये याचं मला नवल वाटतं.

जुलै-ऑगस्ट : बुरशी आणि आळवणी

पाऊस लागून जमीन ओली झाली की मेटाऱ्हायझियम बुरशीची पावडर एकरी ८ किलो, पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून सरीत बेटाच्या बुडाला पेरायची आणि मातीआड करायची. मोठी भरणी त्याच वेळी असेल तर वेगळी मजुरी लागत नाही. किलोला १३० धरले तर पावडरीचे १,०४०, एका बाईमाणसाची मजुरी ३५०. म्हणजे चौदाशेच्या आत. बुरशी जिवंत असते हे लक्षात ठेवा. पाकिटावर तयार केल्याची तारीख, संपायची तारीख आणि ग्रॅमला किती सी.एफ.यू. आहेत ते वाचा. दुकानाच्या उन्हात तापलेल्या फळीवरचं पाकीट घेऊ नका. बुरशीनाशकाच्या आळवणीबरोबर ती देऊ नका, नाहीतर स्वतःच्या हातानं मारलीत. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट अशी जैविक बुरशी आणि हुमणीत शिरून तिला मारणारे सूत्रकृमी तयार करते. कारखान्याच्या गट ऑफिसमध्ये चौकशी केलीत तर मागणी नोंदवता येते का, उधारीवर मिळतं का आणि कपात कोणत्या बिलातून होणार, ते कळेल. उधारीचा दर रोखीच्या दराशी ताडून बघा.

मोजणीत अळ्या मर्यादेच्या वर निघाल्या तरच रासायनिक आळवणी. फिप्रोनिल ४० टक्के अधिक इमिडाक्लोप्रिड ४० टक्के हे दाणेदार मिश्रण उसातल्या हुमणीसाठी शिफारशीत आहे. हेक्टरी ५०० ग्रॅम म्हणजे एकरी २०० ग्रॅम, ४०० लिटर पाण्यात. सोळा लिटरच्या पंपाचे पंचवीस पंप होतात. नोझल काढून, बेटाच्या बुडाला, वाफशावर. कोरड्या भेगाळलेल्या रानात ओतलेलं औषध मुळापर्यंत जातच नाही, आणि वाहत्या पाण्यात दिलं तर शेजाऱ्याच्या रानात जातं. शंभर ग्रॅमला १,२०० धरले तर औषध २,४००, दोन माणसांचा एक दिवस १,०००, हातमोजे-मास्क-चष्मा ३००. बेरीज ३,७००. हातमोज्यांचे पैसे वाचवू नका, बाकी कुठंही वाचवा. फिप्रोनिल मधमाश्या आणि माशांना विषारी आहे. पंप ओढ्यात धुऊ नये.

म्हणजे दीडशे-दोनशे रुपयांची घासाघीस करत बसण्यापेक्षा बावीस खड्डे मोजले आणि औषध फक्त पंधरा गुंठ्यांना लागलं, तर औषध-मजुरीचे ३,४०० चे १,३०० च्या आत होतात. एवढी सवलत कोणतं दुकान देणार?

सप्टेंबरनंतर काय विकत घ्यायचं नाही

औषध. सरळ सांगतो. तिसऱ्या अवस्थेतली अळी खोलवर असते, जाड कातडीची असते, ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो आणि आळवणी करणारा माणूस फडात शिरायलाच तयार नसतो. या टप्प्यावर 'हमखास' म्हणून कोणी काही विकत असेल तर त्याला लेखी द्यायला सांगा. ड्रोनचंही तसंच. वरून पानांवर फवारा मारायला ड्रोन ठीक, पण फूटभर खालच्या अळीसाठी एकरी पाच-सहाशे देणं म्हणजे पैसे उडवणं.

त्याऐवजी उपटलेल्या बेटाखालच्या अळ्या वेचून मारा, ऊस तुटल्यावर खोडवा न धरता एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट करा. एकरी दोन-अडीच हजार धरा. नांगरामागं बगळे आणि साळुंक्या फुकटात राबतात. पुढच्या हंगामात दोन सऱ्यांच्या मधे भुईमुगाच्या चार-दोन ओळी टाकल्या तर हुमणी आधी त्याकडं जाते. सुकलेलं रोप उपटायचं, खालची अळी मारायची.

खोडकीड आणि लोकरी मावा, थोडक्यात

सुरू आणि पूर्वहंगामी लागणीत पहिल्या तीन महिन्यांत पोंगा वाळतो. ओढला की सहज निघतो आणि घाण वास येतो. ही खोडकीड. शंभर कोंब मोजा. पंधरापेक्षा कमी पोंगे मेलेले असतील तर बाळभरणी आणि पाणी एवढ्यावर भागतं. ट्रायकोकार्ड लावायचं असेल तर हेक्टरी ५० हजार परोपजीवी कीटक लागतात. एका कार्डावर साधारण वीस हजार अंडी, म्हणजे एकराला एक कार्ड, दहा दिवसांनी एक असं पाच वेळा. कार्डाला ८० धरले तर ४००. कार्डाच्या पट्ट्या संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचा. पंधराच्या वर गेलं तरच क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एकरी १५० मिलीची आळवणी. या औषधाचं पेटंट संपल्यापासून अनेक कंपन्यांच्या बाटल्या बाजारात आल्यात आणि दर उतरलेत. जुन्या नावाचा आग्रह धरू नका, तीन दुकानांत विचारा.

लोकरी माव्याचं बोलायचं तर २००२ मध्ये तो शेजारच्या सांगली जिल्ह्यात आला तेव्हा पांढऱ्या पानांनी लोक हादरले होते. पुढं त्याला आटोक्यात आणलं ते डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी. पानाखाली या अळ्या दिसत असतील तर फवारणीचा खर्च शून्य ठेवा.

दुकानात

पक्कं बिल घ्या. त्यावर औषधाचं पूर्ण नाव, बॅच नंबर, संपायची तारीख, दुकानाचा परवाना क्रमांक आणि जीएसटी हवा. कीटकनाशकांवर जीएसटी १८ टक्के आहे, म्हणून 'बिलाशिवाय घ्या, स्वस्त देतो' असा आग्रह होतो. घेऊ नका. बिल नसेल तर तक्रारही नाही. फोरेट मागू नका आणि कोणी मागच्या दारानं दिलं तर घेऊ नका. २०२० च्या अखेरपासून त्यावर बंदी आहे. डब्यावरच्या चौकटीतला त्रिकोण बघा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. एका औषधाबरोबर टॉनिक घेतलंच पाहिजे अशी अट घालणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

औषध बनावट वाटलं तर रिकामा डबा, बिल आणि थोडं उरलेलं औषध जपून ठेवून पंचायत समितीच्या किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. भरपाईसाठी कोल्हापुरात जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पिकाचा सल्ला हवा असेल तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, फोन फुकट, उत्तर मराठीत.

औषधांनंतर आता यंत्रांकडं वळू. संगणकाचं आकर्षण आपल्याला नवं नाही. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातल्या सत्तर गावांत संगणक केंद्रं आली, देशभर त्याचा गाजावाजा झाला. पुढं त्यांचा खरा उपयोग राहिला तो उसाचं वजन, खत आणि बिल बघण्यापुरता. २००७ च्या सुमारास तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून बघितलं गेलं. आता उपग्रह आणि एआयची पाळी आहे. ते घ्या, पण खर्चात तुमचा वाटा किती आणि कोणत्या बिलातून कापणार ते लेखी घ्या. पिवळा पट्टा कुठं आहे ते उपग्रह सांगेल. बुडाशी हुमणी आहे, की पाणी साचलंय, की लोह कमी पडलंय, त्याला खोरंच लागतं.

एका एकराची बेरीज अशी : भुंगे ४२०, मेटाऱ्हायझियम १,३९०, चार मोजण्या मजुरीनं १,०००. एकूण २,८१०. गरज पडली तरच वर ३,७०० पर्यंत. आळवणी टळली तर मी घालवले त्याच्या निम्म्याहून कमी, आणि तेही ऊस वाचल्यावर.

पहिला वळीव बहुधा एप्रिलअखेरीपासून कधीही येतो. बादली, साबण-पावडर आणि आकड्याची काठी आतापासूनच वस्तीवर नेऊन ठेवा, आणि शेजारच्या बांधवाल्याला आजच सांगून ठेवा.